वाणात गेलेले छत्तीस चेंडू

बहारीनचा आमचा प्रवास कऱ्हाडच्या घरातल्या वजनकाट्यावरून सुरू झाला. विमानात माणशी तीस किलोची बॅग नेता येते. आमच्याकडे बॅग मोजायची रीत अशी, की मी ती उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून माझं वजन वजा करायचं. रीत बिनचूक आहे. अडचण एवढीच, की माझ्या वजनाबद्दल घरात दोन मतं आहेत. माझ्या मतानं बॅग साडेचौतीस किलो भरत होती आणि सुमनच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मतानं बरोबर तीस.

बॅगेत दोन खोकी होती. एकात स्टीलच्या छत्तीस वाट्या. बहारीनला राहणाऱ्या माझ्या थोरल्या बहिणीचं, ताईचं, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं आणि त्यासाठी सुमननं हे वाण स्वतः पारखून घेतलं होतं. दुसऱ्यात चाळीस पांढरे रबरी चेंडू, मेरठच्या एका कारखान्यातून कुरिअरनं आमच्याकडे आलेले. ते ताईच्या मुलीचे, ऋचाचे. ती तिथल्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे आणि लॅक्रॉस नावाचा खेळ खेळते. तिनं फोन करून सांगितलं होतं, "मामा, ओन्ली यू कॅन डू धिस." एकुलती एक भाची असलेल्या माणसाला या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

सुमन साडी बदलायला आत गेली तेवढ्यात मी वाट्यांचं खोकं काढून पलंगाखाली सरकवलं. वाट्या काय, जगात कुठंही मिळतात, हा माझा विचार. मुंबईच्या विमानतळावर त्या बॅगेनं साडेपंचवीसचा आकडा दाखवला. सुमननं मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे तुमचं वजन मी समजत होते त्याहूनही साडेचार किलो जास्त आहे." मी मान खाली घातली. तिला वाटलं, वजनाची लाज वाटली.

साडेतीन तासांनी खिडकीतून बेट दिसलं. सपाट, वाळूच्या रंगाचं, भोवती उथळ हिरवट पाणी. मुहर्रकच्या विमानतळावर उतरलो. कस्टमच्या यंत्रातून बॅग गेली आणि पडद्यावर चाळीस गोल एका ओळीत उभे राहिले. तिथला तरुण अधिकारी भारतीय बॅगांना सरावलेला दिसला.

"लड्डू?" त्यानं विचारलं.

"बॉल," मी म्हणालो.

त्यानं एक चेंडू काढला, दाबून पाहिला, विश्वास बसेना म्हणून टेबलावर आपटला. तो चेंडू जो उडाला तो थेट पलीकडच्या रांगेत. दोन अधिकारी आणि एक सफाईवाला मागे धावले. चेंडू परत आल्यावर त्यानं तो माझ्या हातावर ठेवला. "नॉट लड्डू," तो म्हणाला आणि हातानं जा अशी खूण केली. परदेशात पहिल्या दहा मिनिटांतच सरकारी यंत्रणा धावायला लावणारा आमच्या घराण्यातला मी पहिलाच.

ताईचं घर राजधानी मनामाच्या माहूज भागात. दोन्ही बाजूंनी सारख्याच दिसणाऱ्या इमारती, खाली गाड्यांची दाटी आणि कोपऱ्यावर कोल्ड स्टोअर (किराणा, दूध, शहाळ्यापासून सिमकार्डापर्यंत सगळं ठेवणारं दुकान). दाजी अस्करच्या ॲल्युमिनियमच्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. माणूस मितभाषी, बोलले तर तापमान सांगितल्यासारखं बोलतात. ताई मात्र कऱ्हाडची कऱ्हाडचीच राहिली आहे. मी त्रेपन्न वर्षांचा आहे, केस कलप लावून काळे ठेवतो, आणि ती लिफ्टमधल्या अनोळखी लोकांसमोर म्हणते, "बाळू, नाक पूस."

रात्रीच्या जेवणाला ताईनं मच्बूस (अख्ख्या मसाल्यांचा, कोंबडी घातलेला इथला भात) केला होता. ऋचानं जेवणाआधीच खोकं फोडलं. एकेक चेंडू हातात घेऊन, नख टोचून, दिव्याखाली धरून पाहिला. आमच्याकडे आंबे असे पाहतात.

मी म्हणालो, "आता मला नीट सांग, हा खेळ आहे तरी काय? हॉकीसारखा का?"

"नो मामा. इट्स नॉट हॉकी." तिनं काठी आणली. टोकाला विणलेल्या जाळीची खोलगट पिशवी. चेंडू त्या जाळीत झेलायचा, जाळीतच खेळवत पळायचं आणि जाळीतूनच फेकून गोल करायचा. हात लावायचा नाही. एका बाजूला सहा जणी. एवढंच.

त्यापुढचं मात्र एवढंच नव्हतं. कॉलेजचा संघ वेगळा आणि कॉलेजमधला क्लब वेगळा. संघाला प्रशिक्षक, गणवेश, बस सगळं कॉलेज देतं. क्लब मुलींनी मुलींचाच चालवायचा. कॉलेज देतं फक्त समुद्रकाठच्या हिद्दचं मैदान, शनिवारी सकाळचे दोन तास. ऋचा अध्यक्ष, तीच प्रशिक्षक, तीच फाटलेल्या जाळ्या विणणारी. पहिल्या वर्षी अमेरिकेहून आलेल्या एका वर्गमैत्रिणीनं चार काठ्या आणल्या होत्या. ती मुलगी परत गेली, काठ्या राहिल्या; पुढे वर्गणी काढून आणखी वीसेक मागवल्या. चार जणींच्या आता चौदा झाल्या होत्या.

"माणसं कशी जमवलीस?" मी विचारलं.

"काठी हातात द्यायची," ऋचा म्हणाली. "टॉक नाही करायचं. एकदा कॅच झाला की शी कम्स बॅक."

पण क्रीडाधिकाऱ्यांचा नियम आडवा आला होता. ज्या खेळाला खेळायला दुसरं कॉलेजच नाही, त्याला क्लब म्हणता येत नाही. या जानेवारीच्या अखेरीपर्यंत दुसऱ्या कॉलेजाशी एक सामना पूर्ण खेळून दाखवा. दोन्हीकडे किमान दहा नावं, नीट पंच, शेवटची शिट्टी. नाहीतर क्लबचं नाव यादीतून खाली आणि मैदानाचे दोन तास दुसऱ्या खेळाला. सामना पुढच्या शनिवारी होता. आणि दुसरं कॉलेज कुठून आणणार? तर ऋचानं ते तयार केलं होतं. तिची शाळेपासूनची मैत्रीण नूरा दुसऱ्या कॉलेजात शिकते. तिला आपल्या निम्म्या काठ्या देऊन टाकल्या आणि आठवड्यातून दोनदा जाऊन तिच्या मुलींना शिकवलं.

दाजी भात कालवता कालवता म्हणाले, "स्वतःच्या हातानं वैरी घडवला."

"पपा, वैरी नसेल तर मॅच कुणाशी?" ऋचा म्हणाली. "पण नूराकडे नऊच आहेत. वन शॉर्ट."

खेळाबद्दल ती तासभर बोलली. सामन्याला चेंडू किती लागतात, हे मात्र मी विचारलं नाही. मला वाटलं ते मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, इथली सुट्टी. पाच वाजता हळदीकुंकू. ऋचा जुने चेंडू घेऊन नूराकडे सरावाला गेली. नवे म्हणे सामन्यालाच काढायचे. दाजींची नेमकी शिफ्ट होती, गाडी त्यांच्याबरोबर अस्करला. साडेतीनला सुमननं बॅग उपसली आणि बाहेर येऊन शांतपणे म्हणाली, "अहो, वाट्या?"

मी खरं सांगितलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली की माणूस खोटं बोलायचं सोडतो असं नाही, पण फायदा नसतो हे कळतं.

"बाळू," ताई म्हणाली, "पाच वाजता छत्तीस बायका येणार आहेत."

मला खाली पिटाळण्यात आलं. कोल्ड स्टोअरमधल्या केरळी दुकानदाराला मी विचारलं, "स्टील की कटोरी?"

"मफी (नाही)."

"प्लास्टिक का डिब्बा?"

"मफी, भाई."

"कुछ भी छत्तीस है?"

त्यानं दुकानभर नजर फिरवली. "ताक का बोतल है, चौदह. बाकी कल आएगा, इंशाल्ला."

मी हात हलवत वर आलो. ताई दिवाणखान्याच्या मधोमध उभी होती आणि ऋचाच्या खोक्याकडे बघत होती.

"हे किती आहेत?"

"चाळीस."

"हिला किती लागतील?"

इथं मी तोंड उघडलं. माणसानं आयुष्यात काही क्षणी गप्प बसावं, हे मला नेहमी नंतर समजतं. मी म्हणालो, "अगं, एका वेळी एकच चेंडू लागतो ना खेळायला. क्रिकेटला एकावर दिवस निघतो. तिला चार ठेव."

अशा रीतीनं बहारीनच्या इतिहासात पहिल्यांदा लॅक्रॉसच्या चेंडूला हळद आणि कुंकवाचं बोट लागलं. सुमननं भराभर जुन्या ओढणीचे चौकोन कापले, त्यात एकेक चेंडू गुंडाळून वर रेशमी दोरा बांधला. दिसायला देखणं झालं. बायका आल्या. बँकेतल्या, हिशेबनीस, शिक्षिका, दाजींच्या कारखान्यातल्या इंजिनिअरांच्या बायका. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या फिलोमिनाताई. त्या वसईच्या, इस्पितळात नर्स. कुंकू लावत नाहीत, पण तिळगुळाला दरवर्षी येतात आणि गुलाबपाणी दोनदा शिंपडून घेतात.

"यंदा काय दिलंस गं, जड लागतंय," कुलकर्णी वहिनींनी पुडी हातात झेलत विचारलं.

"उपयोगी वस्तू आहे," ताई म्हणाली. "उपयोग ज्यानं त्यानं शोधायचा."

सव्वासातला लिफ्टचं दार उघडलं आणि सरावाहून परतलेली ऋचा बाहेर आली, तेव्हा लिफ्टची वाट बघत असलेल्या सात-आठ बायकांच्या हातांत चेंडू होते. पुड्या सोडून झाल्या होत्या. एक जण जमिनीवर आपटून बघत होती.

ऋचा आत आली आणि सोफ्यावर बसली. पाठीवरची काठी काढायचंही तिला सुचलं नाही.

"मामा, प्लीज टेल मी धिस इज अ जोक."

मी क्रिकेटचा मुद्दा मांडून पाहिला. तिनं मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. या खेळात चेंडू बाहेर गेला की कुणी आणायला जात नाही, खेळ थांबत नाही. मैदानाच्या चारही बाजूंना चेंडू मांडून ठेवलेले असतात. जवळचा उचलायचा आणि पुढे चालू. हिद्दला समुद्राचा वारा, कुंपणापलीकडे दगड. वीस तरी हवेतच. जुने चेंडू? ते वापरून गुळगुळीत होतात, जाळीतून निसटतात. पंचबाई असे चेंडू बाजूला फेकतात. नवे मागवायचे तर तीन आठवडे.

"मग मागून घे की परत," सुमन म्हणाली. "छत्तीसच तर घरं."

"नाही," ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण आमच्या आईचा होता. "दिलेलं वाण परत मागत नाहीत."

"आई, इट्स अ बॉल."

"काल होता. आता वाण आहे."

त्या रात्री मच्बूस शिळा होता. ऋचाच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी एकदाच पाहिलं होतं, ती सहा वर्षांची असताना. तेव्हाही कारण मीच होतो, पतंग फाडला होता. दाजी मला म्हणाले, "शनिवारी सामना पूर्ण झाला नाही तर तिची तीन वर्षं गेली." तापमान सांगितल्यासारखंच, पण मला चटका बसला.

मी ठरवलं, मागायचं नाही, पण जायचं. पाहुणा म्हणून घरोघरी जावं, विषय काढावा, समोरच्यानंच म्हणावं, घेऊन जा. पुढचे चार दिवस मी बहारीन पाहिलं ते असं. मनामा, मुहर्रक, हिद्द. लोक किल्ले बघतात, मी दिवाणखाने पाहिले.

कुलकर्णी वहिनींनी शेजारच्याच इमारतीत मला कांदेपोहे दिले. खुर्चीत बसून त्यांचा उजवा पाय सारखा पुढे-मागे हलत होता. वाकून पाहिलं तर पायाखाली चेंडू.

"भाऊजी, दोन वर्षं टाच दुखत होती," त्या म्हणाल्या. "डॉक्टर झाले, शेक झाले. हे वाण काय गुणाचं निघालं म्हणून सांगू. तीन दिवसांत निम्मं दुखणं गेलं." मी पोहे खाल्ले, आलो.

अस्करला दाजी मला कारखान्याचा परिसर बाहेरून दाखवायला घेऊन गेले. रस्त्याला समांतर मैलभर लांब शेड. परतताना त्यांच्या सहकाऱ्याकडे करक (दूध घालून उकळलेला कडक चहा) झाला. तिथला चेंडू घरातल्या मुलानं जेवणाच्या टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली ठेवला होता, आणि तो तिथून काढायचा तर चौघांनी टेबल उचलायला हवं होतं. मुहर्रकमध्ये मला हलवा मिळाला, चेंडू नाही. चार दिवसांत दोन किलो वजन वाढवून मी रिकाम्या हातानं परत आलो.

चौथ्या संध्याकाळी ऋचा आणि मी जिन्यानं चढत होतो. लिफ्ट बंद होती. दुसऱ्या मजल्यापासून आवाज यायला लागला. थाप, थाप, थाप, एकसारखा. तिसऱ्या मजल्यावर फिलोमिनाताईंची मुलगी जेसिका जिन्याच्या भिंतीवर चेंडू मारून डाव्या हातानं झेलत होती. एकही सुटत नव्हता.

"आता तुम्हीच सांगा हिला," दारातून फिलोमिनाताई म्हणाल्या. "रात्रपाळी करून झोपले की हिचं सुरू. शाळेत हँडबॉल खेळायची. कॉलेजात गेली, बंद झालं. तुमच्या वाणानं परत भूत बसलं."

ऋचा पायरीवरच थांबली. "विच कॉलेज?"

जेसिकानं नाव सांगितलं. नूराचं कॉलेज.

ऋचानं पाठीवरची काठी काढली आणि जेसिकाच्या हातात दिली. मग पाच पायऱ्या खाली उतरून चेंडू हळूच वर टाकला. पहिला सुटला. दुसरा जाळीत बसला, आणि जेसिकाचा चेहरा मी पाहिला. घर बांधून झाल्यावर पहिल्यांदा किल्ली फिरवणाऱ्या माणसाचा असतो तसा.

ऋचानं तिथंच नूराला फोन लावला. "टेन," ती म्हणाली. "आय गॉट यू युवर टेन्थ." पलीकडून नूराचं ओरडणं मलाही ऐकू आलं.

हे घरी कळलं तेव्हा ताई पोळ्या लाटत होती. त्या संपवून हात पुसले, फोन घेतला आणि बायकांच्या ग्रुपवर निरोप टाकला. मी तो नंतर वाचला: 'शनिवारी सकाळी सात वाजता हिद्दच्या मैदानावर सर्वांनी सहकुटुंब यावे. उपमा आणि तिळगूळ आहे. येताना यंदाचे वाण सोबत आणावे. त्याचा उपयोग कसा करतात ते दाखवण्यात येईल.'

"हे मागणंच झालं की," मी म्हणालो.

"मागितलं कुठं?" ताई म्हणाली. "दाखवणार आहे. ज्याचं त्यानं घरी न्यायचं."

शनिवारी आम्ही पावणेसातला हिद्दला पोचलो. बंदराच्या क्रेन धुक्यात उभ्या होत्या आणि समुद्रावरून असा गार वारा येत होता की कऱ्हाडच्या माणसाला आपण आखातात आहोत हे खरं वाटू नये. ऋचानं चार नवे चेंडू चार बाजूंना ठेवले होते. एका बाजूला एक. पंचबाई कॅनडाच्या, इथल्या एका शाळेत शिकवणाऱ्या, उंच आणि सरळ. त्यांनी चार चेंडू पाहिले, मग ऋचाकडे पाहिलं. क्रीडाधिकारी पांढऱ्या थोबमध्ये (इथल्या पुरुषांचा पायघोळ अंगरखा) खुर्चीवर बसले होते, मांडीवर क्लबच्या नोंदणीचा अर्ज.

सात वाजले. कुणी नाही. सात पाचला पहिली गाडी आली. मग दुसरी. मग रांगच लागली. साड्यांवर स्वेटर, कानाला रुमाल, हातात डबे. बायका उतरल्या, नवरे उतरले, मुलं उतरली. ताई दारात उभी राहून म्हणत होती, "या, या. वाण आणलंय ना?" आणि पर्सा उघडत होत्या. चेंडू टोपलीत पडत होते. मी मोजले, एकतीस.

पंचबाईंनी एक उचलला, फिरवला, आणि त्यावरच्या डागांकडे बोट दाखवलं. चेंडू एकरंगी हवा; पांढरा किंवा पिवळा.

ऋचानं हळदीवर बोट ठेवलं. "यलो." मग कुंकवाकडे पाहून टी-शर्टच्या बाहीनं तेवढं पुसून टाकलं. पंचबाई हसल्या नाहीत, पण शिट्टी तोंडाशी न्यायला त्यांना जरा वेळ लागला.

सामना आठ-आठ मिनिटांच्या चार भागांचा. हिजाबवर शिरस्त्राण चढवून नूरा स्वतःच गोलमध्ये उभी होती. "यल्ला, बनात (चला, पोरींनो)," ती ओरडली आणि सुरू झालं. मला वाटत होतं तसं काहीच नव्हतं. चेंडू दिसतच नव्हता. तो हवेतून जाळीत, जाळीतून जाळीत, आणि मुली हरणांसारख्या. ऋचाच्या मुलींनी पहिल्या भागात चार गोल केले. ताईच्या बायकांना कोण कुणाचं हे कळेना, म्हणून त्यांनी दोन्हीकडच्या गोलांना टाळ्या वाजवायचं ठरवलं. फिलोमिनाताई रात्रपाळीवरून सरळ आल्या होत्या, गणवेशातच. जेसिकानं मैदानात पाऊल टाकल्यावर त्या मागच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. तिकडून हात जोडलेले दिसत होते.

जेसिकानं डाव्या हातानं दोन गोल केले. मग नूराच्या बाकीच्या मुलींनाही हुरूप चढला. ऋचानं शिकवलेली एकेक युक्ती ऋचावरच चालू लागली.

"वैरी चांगला घडलाय," दाजी म्हणाले. त्यांनी पूर्ण सामन्यात बोललेलं हे एकच वाक्य.

वारा मात्र कुणाच्याच बाजूचा नव्हता. दर मिनिटाला एक चेंडू कुंपणापलीकडे दगडांत जात होता. ते आणायचं काम प्रायश्चित्त म्हणून मी घेतलं होतं. दोन आणले, तिसऱ्याला शेवाळावरून घसरलो आणि अर्ध्या पॅन्टनिशी आखाताचं पाणी अनुभवलं. तो चेंडू माझ्या देखत तरंगत, म्हणजे बुडत बुडत, गेला. वर येऊन पाहतो तर टोपली रिकामी. बाजूला मांडलेले संपत आलेले. फळ्यावर नऊ-नऊ. एक मिनिट बाकी.

आणि तेवढ्यात ऋचाच्या हातून सुटलेला पास कुंपणावरून गेला. मैदानावरचा तो शेवटचा होता. मुली थांबल्या. पंचबाईंनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, हात वर केला, घड्याळ थांबवलं. क्रीडाधिकारी खुर्चीतून उठले. चेंडू नाही तर सामना पूर्ण नाही, हे सांगायला दुभाषा लागत नव्हता. ऋचा मैदानाच्या मधोमध कमरेवर हात ठेवून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी दोन्ही ओले खिसे उलटे करून दाखवले.

ताईची नजर प्रेक्षकांवरून फिरली आणि एका खुर्चीवर थांबली. कुलकर्णी वहिनी चप्पल काढून बसल्या होत्या. उजवा पाय पुढे-मागे, पुढे-मागे.

ताईचं ठरलेलं होतं. मागायचं नाही म्हणजे नाही. नुसती बघत राहिली. मग तीस बायका त्याच दिशेनं बघायला लागल्या.

"अगं बाई," कुलकर्णी वहिनी म्हणाल्या. "घ्या की. पण हाच परत हवा हं मला. याच्यावर माझी टाच बसलीय." त्यांनी पदरानं चेंडू पुसला आणि आमच्याकडच्या बायका तव्यावर भाकरीही इतकी नेमकी टाकणार नाहीत, असा अलगद पंचबाईंच्या हातात टाकला. बाईंनी दाबून पाहिला आणि मान हलवली.

शिट्टी. जेसिकानं तोच चेंडू पळवत नेला, मारला, ऋचाच्या गोलरक्षक मुलीनं छातीवर अडवला. तिथून लांब फेक. ऋचा धावतच होती. तिनं झेलला की नाही हे मला कळायच्या आत तिनं खांद्यावरून एक हुलकावणी दिली, नूरा उजवीकडे झेपावली आणि चेंडू डावीकडून जाळ्यात गेला. दहा-नऊ. मग शेवटची शिट्टी वाजली, लांबलचक, आणि मला आठवतं ते एवढंच, की ताई, जी गेली तीन वर्षं 'अभ्यास सोडून काठ्या कसल्या' म्हणत होती, ती हातातल्या उपम्याच्या डावासकट मैदानात धावत गेली होती. ऋचाच्या आधी तिनं नूराला मिठी मारली. चुकून असेल. चुकून नसेलही.

क्रीडाधिकाऱ्यांनी उपमा दोनदा घेतला. अर्जावर सही करताना त्यांनी मला हिंदीत विचारलं, "ये सब लोग खुद आया? फुटबॉल को भी इतना नहीं आता."

"वाण का है साब," मी म्हणालो. ते समजल्यासारखं हसले.

सही वाळायच्या आत दोन मुली ऋचाजवळ आल्या. एका बँकवाल्या बाईंच्या जुळ्या मुली, तिसऱ्याच कॉलेजच्या. "काठ्या कुठं मिळतात?" एकीनं विचारलं. ऋचानं आपल्या हातातली काठी तिच्या हातात दिली. बोलली नाही.

जाताना बायकांनी आपापले चेंडू ओळखून उचलले. दगडांतले नवऱ्यांनी शोधून आणले. "आता दर सामन्याला घेऊन यायचं का गं?" एकीनं विचारलं. ताई म्हणाली, "वाण तुमचं आहे. तुमची मर्जी." सगळ्याजणी येणार, हे तिच्या आवाजावरून मला कळलं.

आठवड्यानं आम्ही परतलो. कऱ्हाडला पलंगाखालचं खोकं सुमननं स्वतः ओढून काढलं, छत्तीस वाट्या टेबलावर मांडल्या आणि ती रोज त्यांतल्या एकीत मला आमटी वाढते.  वजनकाटा मी माळ्यावर टाकला आहे. लोक विचारतात, बहारीनला काय पाहिलंत? मी पोहे सांगतो, वारा सांगतो, दगडांवरून पडलो ते सांगतो. खरं तर एक खेळ वाढताना पाहिला, आणि तो कसा वाढतो याबद्दल मी जे जे समजत होतो ते सगळं उलटं निघालं. मला वाटायचं, असलेलं सांभाळलं की गोष्ट वाढते.

परवा ऋचाचा आवाजी निरोप आला. तिसऱ्या कॉलेजात आता अकरा मुली झाल्या आहेत. तिनं आपल्याकडच्या दहा काठ्या तिकडे दिल्या. मी घाबरून विचारलं, अगं, आणि तुमच्या मुली काय घेऊन खेळणार? त्या काठ्या परत कधी मागणार?

उत्तर लगेच आलं. ही मुलगी जन्मापासून माझ्याशी इंग्रजी मिसळून बोलत आली आहे. पण हा निरोप मी सुमनला दोनदा ऐकवला, कारण तो अख्खा मराठीत होता आणि आवाज आमच्या आईचा होता.

"मामा, दिलेलं वाण परत मागत नाहीत."